सतरा जुगाड आणि तळोद्याच्या बाई

लग्नानंतर मी पुण्याची नोकरी सोडली नाही, फक्त पुणं सोडलं. लोणखेड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पूर्वी कापसाच्या गोण्या असायच्या. आता तिथे एक टेबल, लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि मी असते. तिथे बसून मी एका संगणकीय भाषेच्या रनटाइमवर काम करते. भाषेचं नाव सांगत नाही, कारण ज्यांना ती माहीत असते ते लगेच आपली तक्रार ऐकवायला लागतात.

रनटाइम म्हणजे त्या भाषेत लिहिलेला कुठलाही प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं इंजिन. हे इंजिन प्रत्येक प्रकारच्या मशीनवर आधी बांधून घ्यावं लागतं. कुठल्या मशीनवर कसं बांधायचं याच्या सगळ्या सूचना एका लांबलचक फाइलमध्ये असतात. ही फाइल माझ्याकडे कुणी विश्वासाने सोपवली वगैरे नाही. बाकीचे तिला घाबरायचे आणि मी नवीन होते, एवढंच.

फाइल वाचायला लागले तेव्हा कळलं की तिचा बराचसा भाग म्हणजे नुसते जुगाड आहेत. कुठल्यातरी मशीनची काहीतरी खोड होती, म्हणून कुणीतरी तिथे तात्पुरती सोय करून ठेवली. पुढे ती मशीन भंगारात गेली, बनवणाऱ्या कंपन्याही बुडाल्या, पण तात्पुरती सोय जागची हलली नाही. एका ठिकाणी टीप होती, "हे का लागतं माहीत नाही. काढलं की मोडतं. हात लावू नका." दुसऱ्या ठिकाणी नुसतंच "माफ करा" लिहिलं होतं. कुणी कुणाला कशाबद्दल माफ करायचं, याचा पत्ता नव्हता.

मी असे सतरा जुगाड मोजले आणि माझे हात शिवशिवायला लागले. काही लोकांना नवीन लिहिण्यात आनंद मिळतो, मला खोडण्यात मिळतो. शाळेतसुद्धा माझं खोडरबर सगळ्यांच्या आधी संपायचं.

सासूबाईंना माझ्या कामाची चौकशी करायची फार हौस. एकदा त्या दारात उभ्या राहून अहिराणीत म्हणाल्या, "दिनभर काय करस तू या खोलीमा?"

म्हटलं, "जुनं लिखेल शे, ते काढस."

"मंग नवं कव्हय लिखशी?"

"नवं लिखाले दुसरा लोके शेतस."

त्यांनी थोडा विचार केला आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितलं, "मन्ही सून कंपनीमा खोडाखोडी करस." शेजारणीने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. तिचा समज झाला असावा की मी कुठल्यातरी परीक्षेत सारखी नापास होतेय.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख दूर थंड देशात राहतात. वय साठीच्या आसपास, पांढरी दाढी, बोलणं सावकाश. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते. सतराही जुगाड काढून टाकायचा प्रस्ताव मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी दाढी खाजवली आणि अट घातली. प्रत्येक जुगाड कुठल्या मशीनसाठी आहे ते जाहीर करायचं, महिनाभर वाट पाहायची, आणि कुणीच हाक दिली नाही तरच तो काढायचा.

महिनाभर वाट पाहायची म्हटल्यावर माझ्या अंगात वळवळ सुरू झाली. नोटीस मी सरळ लिहिली खरी, पण शेवटी एक ओळ घुसडली, "ज्यांच्याकडे यातलं कुठलंही मशीन अजून जिवंत असेल, त्यांनी ते चालू असताना, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून, फोटो पाठवावा." अपहरण करणारे पाठवतात तसा. आजोबांना विनोद कळला नाही. त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं की पुराव्याची ही पद्धत चांगली आहे.

पहिले तीन दिवस शांतता होती. मी खोडण्याचा मसुदा तयार करून ठेवला आणि आंघोळीला जाताना गुणगुणायला लागले. चौथ्या दिवशी फोटो आला.

लहान कपाटाएवढं करड्या रंगाचं मशीन, समोर हिरवा दिवा लागलेला. शेजारी वर्तमानपत्र. मजकुरात एकच ओळ, इंग्रजीत: मशीन चालू आहे, काढू नये. खाली सहीच्या जागी दोन अक्षरं. मी फोटो मोठा केला. वर्तमानपत्र मराठी होतं. आणखी मोठा केला. पान आमच्याच जिल्ह्याचं होतं. वरच्या कोपऱ्यातली बातमी मी सकाळी चहा पिताना वाचली होती.

जगात सगळीकडे नोटीस गेली आणि एकुलती एक हाक आली ती घराशेजारून. मी मराठीत लिहिलं, "आपण कुठे असता?"

उत्तर आलं, "तळोदा. तुम्ही?"

"लोणखेडा."

यावर पूर्ण दिवस काही आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी, "मग येऊनच बोला की."

सतरावा जुगाड नेमका त्या मशीनचा होता. त्या मशीनवर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, वेग वाढवायला जी चलाखी करतो ती सगळी बंद ठेवायची, असा तो जुगाड. कारण पूर्वी चलाखी चालू ठेवली की रनटाइम कोसळायचा. खाली आजोबांची टीप होती, "एका सज्जन गृहस्थांनी ही चूक दाखवून दिली, त्यांचे आभार." गृहस्थांच्या नावाच्या जागी तीच दोन अक्षरं होती. म्हणजे त्यांच्याच तक्रारीवरून हा जुगाड आला होता आणि मी तो त्यांच्या डोळ्यांदेखत काढायला निघाले होते.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली. डोळ्यांसमोर एक चिडका, बनियनमधला, निवृत्त माणूस उभा करून मी वाटेत त्याच्याशी भांडणाची तालीम केली.

जीप स्टॅंडच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात, मला भेटल्या त्या एक बाई. पासष्टीच्या, उंच, सुती पातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी "ते... मशीनवाले सर?" असं काहीतरी पुटपुटले.

"मीच," त्या म्हणाल्या. "बसा. चहा घेणार की आधी भांडणार?"

चहा घेतला. बाईंचं माहेर तोरणमाळच्या वाटेवरचं, घरची बोली पावरी. शिकून त्या जिल्ह्याबाहेर एका कॉलेजात संगणक शिकवायला गेल्या, आणि तिथल्या प्रयोगशाळेतलं हे मशीन भंगारात निघालं तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं. निवृत्त झाल्यावर ते जीपच्या टपावर गादीत गुंडाळून तळोद्याला आणलं.

"पण आमचे आजोबा, म्हणजे प्रमुख, तुम्हाला गृहस्थ म्हणतात."

"म्हणू दे. सुरुवातीला मी पूर्ण नाव लिहायचे तेव्हा तो दोन आठवड्यांनी उत्तर द्यायचा. मग नुसती अक्षरं लिहायला लागले. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, वर 'प्रिय महोदय'." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी कशाला खुलासा करू?"

मशीनवर त्या काय चालवतात ते विचारलं तर त्यांनी एक कागद पुढे केला. शब्दकोडं होतं, पावरी बोलीतलं, देवनागरीत. शब्दांची यादी त्यांनी स्वतः जमवलेली, चौकटी जुळवणारा प्रोग्रामही त्यांचाच. रोज एक कोडं तयार करायचं, पेन ड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढायच्या आणि जीप स्टॅंडवर वाटायच्या. जीप भरल्याशिवाय डोंगराकडे निघत नाही. तोवर आत बसलेल्यांना करायला काही नसतं. आता ते कोडं सोडवतात, आणि शब्दांवरून इतकं भांडतात की दोघांतिघांनी बाईंकडे येऊन नवे शब्द दिले होते.

"लॅपटॉप नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. त्यावर मी पिक्चर बघते."

"मग कोडं त्याच्यावरच..."

"पोरी, या जातीच्या मशीनवर तुमची भाषा चालवणारी जगात मी एकटी आहे. तुझ्या नोटिशीने तर ते सिद्धच केलं. लॅपटॉपवर चालवणारे कितीतरी असतील." एका वाक्यात त्या तुम्हीवरून तूवर आल्या. मला बरं वाटलं.

कोडं बनायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात त्यांची आंघोळ आणि भाकऱ्या व्हायच्या. मी म्हटलं, बाई, हा उशीर जुगाडामुळेच होत असणार. कंपायलरची चूक एव्हाना दुरुस्तही झाली असेल. एकदा काढून बघू.

"कोसळेल."

"नाही कोसळणार."

"मी दोन आठवडे ती चूक शोधत होते. मला सांगतेस?"

शेवटी पैज लागली. कोसळलं तर मी भर स्टॅंडवर उभं राहून पावरी कोडं सोडवायचं. मला पावरीतलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. नाही कोसळलं तर बाईंनी माझ्या सासूबाईंसाठी अहिराणीत कोडं तयार करायचं.

दहा वाजता मी माझी कापलेली फाइल त्या मशीनवर चढवली आणि रनटाइम बांधायला घेतला. मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. दोन मिनिटंही झाली नसतील, पडद्यावर चूक उमटली आणि सगळं थांबलं.

बाईंनी उठून आतून त्या दिवशीचं कोडं आणलं, वर पेन्सिल ठेवली आणि माझ्यासमोर सरकवलं.

चूक सांगणारा संदेश मी तीन वेळा वाचला तेव्हा उमगलं की रनटाइम कोसळला नव्हता, त्याचं बांधकाम सुरूच झालं नव्हतं. जुगाड काढताना मी एक ओळ जास्त खोडली होती. "ही अट इथे संपली" असं सांगणारी, वरच्या दुसऱ्याच अटीची ओळ. त्यामुळे मशीनला पुढची सगळी फाइल त्या एका अटीच्या पोटात आहे असं वाटत होतं.

"हे धरायचं नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"ही माझी चूक आहे. कंपायलरची नाही."

"पैजेत चूक कोणाची असं ठरलं नव्हतं." पण त्या हसत होत्या. "घाल ती ओळ परत. खोडणाऱ्याने जरा चष्मा लावावा."

ओळ परत घातली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते चालत राहिलं. पडद्यावर एकेक फाइलचं नाव सावकाश सरकत होतं. बाईंनी भाकऱ्या आणि उडदाची डाळ केली. आम्ही जेवलो, ताटं घासली, मी भिंतीला टेकून डुलकीही काढली. दर थोड्या वेळाने बाई पडद्यापाशी जाऊन बघायच्या आणि "अजून तो भाग यायचाय" म्हणायच्या. तो भाग म्हणजे मेमरीतला कचरा उचलणारा भाग. पूर्वी सगळं तिथेच कोसळायचं.

तो भाग आला आणि गेला. साडेतीनच्या सुमारास बांधकाम संपलं, चाचण्याही पार पडल्या. मग बाईंनी आपला कोड्याचा प्रोग्राम चालवला आणि सवयीने भाकरीचं पीठ काढायला उठल्या. पिठाचा डबा उघडेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की जेवण तर झालंय. त्या परत येऊन बसल्या, आणि आम्ही दोघी घड्याळाकडे बघत राहिलो. नऊ मिनिटांत कोडं तयार झालं.

बाई उठल्या, लोखंडी कपाटातून एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कॉलेजात असतानाच त्यांनी त्या मशीनच्या कंपायलरची दुरुस्ती बसवली होती, जुगाड आल्यानंतर काही महिन्यांनी. स्वतःच्या अक्षरात नोंद करून ठेवली होती, आणि साफ विसरल्या होत्या.

"म्हणजे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी माझ्याच तक्रारीपायी चाळीस मिनिटं थांबत होते."

मी वही ओढून ती नोंद वाचायला लागले.

"आणि आता मी आंघोळ कधी करू?" त्यांनी विचारलं.

आमचे चार वाजतात तेव्हा आजोबांच्या देशात दुपारच्या जेवणाआधीची वेळ असते. मी म्हटलं, त्यांना लगेच दाखवू. बाई नको नको म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. मी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला, मशीन दाखवलं, हिरवा दिवा दाखवला, नऊ मिनिटं सांगितली. आजोबा खूश झाले आणि म्हणाले, "ते गृहस्थ कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंच होतं."

दारातून बाई आल्या, चष्मा लावला, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि शांत इंग्रजीत म्हणाल्या, "मीच तो गृहस्थ."

मला आधी वाटलं नेटवर्क गेलं. मग आजोबांचा हात दाढीकडे गेला.

"तुम्ही," ते सावकाश म्हणाले, "मला एकदा मूर्ख म्हणाला होतात."

"दोनदा," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा माझं चुकलं होतं. दुसऱ्यांदा नाही."

ते दोघं पुढे अर्धा तास कचरा उचलणाऱ्या भागाबद्दल बोलले. मधे आजोबांनी माफी मागितली, उशिराच्या उत्तरांबद्दलही आणि "महोदय"बद्दलही. बाईंनी ती घेतली, पण लगेच नाही. माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आली आहे हे मला दोघांपैकी कुणालाही सांगता येईना.

नोटिशीचा महिना संपल्यावर सतराही जुगाड मी एकाच दमात काढले. तीनशेवर ओळी गेल्या. त्या दिवशी मी सासूबाईंना न विचारता त्यांच्यासाठी जिलेबी आणली. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "काम पुरं व्हयनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर तक्रारींचा ढीग. रनटाइम बांधला जात नव्हता, आणि तोही कुठल्या जुन्यापुराण्या मशीनवर नाही. चांगल्या नव्या, रोजच्या वापरातल्या मशीनवर. माणसं चिडली होती. एकाने तर विचारलं होतं की हे खोडणारी व्यक्ती कोण आहे आणि तिला कुणी थांबवत का नाही.

मी पुढचे दोन तास घाम पुसत शोधत होते. पाचवा जुगाड एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या आवृत्तीसाठी होता. ती आवृत्ती कधीच मेली होती, म्हणून नोटिशीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. पण अट लिहिणाऱ्याने "आवृत्ती एक" असं न लिहिता "१ ने सुरू होणारा कुठलाही आकडा" असं लिहून ठेवलं होतं. १०, ११, १२ हे सगळे आकडे १ नेच सुरू होतात. त्यामुळे मेलेल्या आवृत्तीचा जुगाड वर्षानुवर्षं जिवंत मशीनवर गुपचूप लागू होत होता, आणि त्यातली एक सोय त्या मशीनना खरोखरच लागत होती. हे कुणालाच माहीत नव्हतं, त्या मशीनवाल्यांनाही नाही.

पाचवा जुगाड मी निमूटपणे जसाच्या तसा परत घातला आणि सगळ्यांची माफी मागितली. टीप लिहायला बसले तेव्हा पहिले शब्द सुचले ते "माफ करा" होते. ते खोडले आणि नीट कारण लिहिलं.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त कळवलं की यापुढे माझं प्रत्येक खोडकाम आधी दुसऱ्या कुणीतरी तपासावं, आणि त्यासाठी त्यांनी एका अनुभवी व्यक्तीला विचारलं आहे. व्यक्ती तयार आहे. कोण ते विचारायची गरज नव्हती. तासाभरात त्या दोन अक्षरांच्या सहीचा संदेश आला: "चष्मा लाव."

पाचव्या जुगाडाची खरी दुरुस्ती बाईंनीच केली. आकड्याची सुरुवात बघण्याऐवजी पूर्ण आकडा वाचून तुलना करायची आणि जी सोय खरंच लागते ती वेगळी काढून तिच्या नावाने लिहायची. अकरा ओळी, स्वच्छ. आजोबांनी त्या स्वीकारल्या आणि आभाराच्या जागी, बाईंना विचारून, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

पैज बाईंनी मानली. अहिराणी कोडं आलं तेव्हा सासूबाईंनी ते दुपारभर मांडीवर धरलं, चार शब्द मला न विचारता भरले आणि पाचव्याला म्हणाल्या की कोडंच चुकेल शे. मी तो निरोप तळोद्याला पोचवला. आता त्या दोघी फोनवर परस्पर बोलतात. कशाबद्दल, ते मला सांगत नाहीत.

मधल्या काळात आंघोळीला पुन्हा वेळ मिळावा आणि नऊ मिनिटांचा सूडही निघावा म्हणून बाईंनी चौकटी दुप्पट केल्या. जीप स्टॅंडवर तक्रार आली. मी तिथे असताना एक चालक म्हणाला, "बाई, आते कोडं पुरं व्हस नही. गाडी भरी जास, तरी पब्लिक निंघू देस नही." बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि काहीच बदललं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला त्याच फाइलमधल्या खोडण्यासारख्या आणखी नऊ जागा कळवल्या, मी पाहूनही न पाहिलेल्या. प्रत्येकीपुढे एकेक टोमणा. मी यादी बारकाईने तपासली. आठ बरोबर होत्या. नववी ओळ मात्र अजून लागते, ती काढली तर निदान तीन प्रकारची मशीन अडतील. मी पुराव्यासकट, अतिशय नम्रपणे, वर "प्रिय महोदय" लिहून तसं कळवलं. दोन दिवस झाले, उत्तर नाही.